उन्हाळ्यात आंबोण विकत घेताना पोल्ट्रीचं खाद्य गोठ्यापासून लांब ठेवा

कडबा संपत आलाय, हिरव्या चाऱ्याची मदार उसाच्या वाढ्यांवर आहे. पावसाळ्यापर्यंत गोठा विकतच्या आंबोणावर, म्हणजे पेंडीवर आणि गोळीवरच काढावा लागणार. अशा ओढाताणीत काही जण पोल्ट्रीचं उरलेलं खाद्य गायीच्या गव्हाणीत टाकतात. स्वस्तात मिळतं, दूध वाढतं असं कुणीतरी सांगितलेलं असतं. कृपा करून हे करू नका.

कोंबड्यांच्या खाद्यात मांस-हाडांची भुकटी असू शकते. गायी-म्हशींच्या खाद्यात ती चालत नाही, आणि त्यामागे ब्रिटनच्या शेतकऱ्यांनी भोगलेलं मोठं संकट आहे. तिथे 1986 मध्ये ‘मॅड काऊ’ म्हणजे बीएसई हा मेंदूचा रोग ओळखला गेला. कत्तलखान्यातल्या अवशेषांची भुकटी खाद्यातून गायींच्याच पोटात जात होती. 1988 मध्ये गायींना ती देण्यावर बंदी आली, पण डुकरं-कोंबड्यांच्या खाद्यात ती सुरूच राहिली. दोन्ही खाद्यं एकाच कारखान्यात, त्याच यंत्रांवर तयार होत. परिणाम असा की बंदीनंतर जन्मलेल्या 40 हजारांहून जास्त गायींना रोग झाला. 1996 मध्ये सगळ्याच पाळीव जनावरांच्या खाद्यातून भुकटी काढली, तेव्हा कुठे तो आटोक्यात आला.

या रोगात जंतू नसतो, बिघडलेलं प्रथिन असतं. ते उकळून नष्ट होत नाही, आणि बाधा व्हायला रोगी गायीच्या मेंदूचा एक ग्रॅमसुद्धा पुरतो. लागण बहुधा वासरूपणी होते, लक्षणं चार-पाच वर्षांनी दिसतात. लस नाही, औषध नाही. मार्च 1996 मध्ये माणसांच्या आजाराशी त्याचा संबंध जाहीर झाला आणि युरोपने ब्रिटिश गोमांस बंद केलं. तो व्यापार पूर्ववत व्हायला 2006 उजाडलं. कॅनडात 2003 मध्ये अल्बर्टातल्या एकाच गायीत रोग सापडला, तर अमेरिकेने लगेच सीमा बंद केली आणि कॅनडातल्या पशुपालकांच्या जनावरांचे भाव कोसळले.

भारतात हा रोग आढळलेला नाही. म्हशीच्या मांसाची निर्यात या विश्वासावरही उभी आहे, आणि भाकड म्हशीला बाजारात काय भाव येतो हे त्या निर्यातीवर बरंच ठरतं. म्हणून पोत्यावर घटक आणि उत्पादकाचं नाव छापलेलं असेल तरच घ्या. सुटं, बिनचिठ्ठीचं खाद्य नको. कोंबड्याही पाळत असाल तर दोन्हींची घमेली आणि मापं वेगळी ठेवा.

द्राक्षाच्या खरड छाटणीला बोनमील, म्हणजे हाडांच्या भुकटीचं खत आणता ना? ते पोतं पेंडीशेजारी रचू नका. फाटक्या पोत्यातलं खत वासरं चाटतात.

उन्हाळ्यात गुरं हाडं, चिंध्या, माती चघळताना दिसली तर बहुधा स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलेलं असतं. रानातली हाडं उचलून पुरा, कारण ती चघळल्याने विषबाधा होऊन जनावर लुळं पडतं. मोठ्या गायीला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणातून द्या आणि जंतनाशक पाजा.

जनावर लाळ गाळतंय, विचित्र हंबरतंय, अंगावर येतंय, तर आपल्याकडे मॅड काऊचा नव्हे, पहिला संशय रेबीजचा धरा. घशात काही अडकलंय म्हणून तोंडात हात घालू नका. जनावर वेगळं बांधा, 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. लाळ अंगाला लागली असेल तर ती जागा 15 मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.