काळ्या चुनखडीच्या जमिनीत अमोनियम सल्फेट कसे द्यावे

नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड, कळमेश्वर या पट्ट्यात संत्र्याची पाने पिवळी पडली की कृषी केंद्रातून खताचे पोते आणण्याची घाई होते. परंतु पोते उचलण्यापूर्वी पिवळेपणा कोठून सुरू झाला आहे हे झाडाजवळ उभे राहून पाहावे. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. शेंड्याकडील कोवळी पाने शिरांसह सारखी फिकट झाली असतील तर गंधकाचा अभाव संभवतो. कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला असेल, तर बहुतेक वेळा लोहाची कमतरता असते आणि चुनखडीच्या जमिनीत ती वारंवार दिसते. पहिल्या दोन प्रकारांत अमोनियम सल्फेट थेट उपयोगी पडते. तिसऱ्या प्रकारात ते मुळांभोवतीची माती किंचित आम्लधर्मी करून थोडी मदत करते, मात्र लोहाची जागा घेत नाही. शंका राहिल्यास माती परीक्षण करावे आणि अहवालात गंधकाचा आकडा मागून घ्यावा, कारण तो प्रत्येक अहवालात असतोच असे नाही. उपलब्ध गंधक १० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत १० भाग) कमी असेल तर जमीन गंधकाला भुकेली आहे असे समजतात.

या खतात सुमारे २०.५ टक्के नत्र आणि २३ टक्के गंधक असतो. म्हणजे ५० किलोच्या पोत्यातून सव्वादहा किलो नत्र मिळते, तर युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यातून २०.७ किलो. नुसत्या नत्रासाठी हे खत घेणे परवडत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते घ्यायचे ते गंधकासाठी, आणि त्यासोबत येणारे नत्र हिशेबात धरण्यासाठी. समजा, फळावर आलेल्या झाडाला वर्षाला ६०० ग्रॅम नत्र द्यायचे ठरले आहे आणि त्यातील एक तृतीयांश या खतातून द्यायचे आहे. २०० ग्रॅम नत्रासाठी सुमारे ९७५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक किलो खत लागेल, आणि त्यातून सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास गंधकही झाडाला मिळेल. उरलेले नत्र शेणखत व युरिया यांतून द्यावे. ही मात्रा एका वेळी न देता बहाराचा ताण तोडताना (फुलोऱ्यासाठी बंद ठेवलेले पाणी पुन्हा सुरू करताना) आणि नंतर फळे वाढत असताना अशी विभागून द्यावी.

खरा घोळ होतो तो खत टाकण्याच्या पद्धतीत. युरियाचे नत्र हवेत उडते, सल्फेटचे उडत नाही, असा एक समज गावोगाव आहे. तो आम्लधर्मी जमिनीपुरता खरा आहे. आपल्या काळ्या जमिनीत तो फसवा ठरतो. येथे मातीतील चुनखडीशी अमोनियम सल्फेटचा संयोग होऊन एकीकडे जिप्सम आणि दुसरीकडे अमोनियम कार्बोनेट तयार होते, आणि हे कार्बोनेट टिकाऊ नसल्यामुळे त्यातून अमोनिया वायू सुटतो. ही क्रिया घरीच पाहता येते. चमचाभर खत ओले करून त्यात पानाला लावायचा चुना चिमूटभर कालवावा. काही क्षणांत नाकात झोंबणारा वास येतो. (युरियाला असा वास लगेच येत नाही, त्यामुळे पोत्यात अमोनियमचे खत आहे की नाही याची ढोबळ खात्रीही यातून होते. वास थेट नाक लावून घेऊ नये.) आपल्या जमिनीत चुनखडी किती आहे हे पाहायचे असेल तर मातीच्या ढेकळावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत, फसफस झाली तर चुनखडी भरपूर आहे.

म्हणून खत वर फेकून देऊ नये. झाडाच्या फांद्यांच्या घेराखाली, खोडापासून दूर, चार ते सहा इंच खोल गोल चर काढावा, त्यात खत सारखे पसरावे, मातीने झाकावे आणि लगेच ओलित करावे. दुहेरी आळे (खोडाभोवती एक आणि बाहेर दुसरे) केले असेल तर काम सोपे होते, कारण खत व पाणी दोन्ही खोडाला लागत नाहीत आणि डिंक्याचा (खोडातून डिंक गळण्याच्या रोगाचा) धोका वाढत नाही. पऱ्हाटीत (कपाशीत) खत ओळीच्या बाजूला देऊन डवरणीने (ओळींमधील कोळपणीने) झाकावे. सोयाबीन पेरताना ते बियाण्याला चिकटून पडू देऊ नये. क्षार आणि अमोनिया या दोहोंनी कोवळा अंकुर जळतो. ठिबकमधून द्यायचे झाल्यास ते पाण्यात सहज विरघळते, परंतु त्याच टाकीत कॅल्शियम नायट्रेट कधीही मिसळू नये, कारण जिप्समचा साका बसून ड्रिपर बंद पडतात.

झाकण्याचा हा आग्रह केवळ खिशासाठी नाही. कोळसा जळताना सुटणाऱ्या सल्फर डायऑक्साइडपासून हवेत गंधकाम्ल बनते. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक केंद्रे नागपूरला लागूनच आहेत. शेतातून व गोठ्यांतून सुटलेला अमोनिया या आम्लाला भेटला की त्यापासून पुन्हा अमोनियम सल्फेटच तयार होते, फक्त आता ते अडीच मायक्रॉनपेक्षाही बारीक कणांच्या रूपात, फुप्फुसात खोल जाण्याजोगे असते. हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास गेली की हे कोरडे कण पाणी शोषून थेंब बनतात आणि प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून थंडीतल्या दमट सकाळी धुरकट पडदा दाट दिसतो. गोठ्यातील मूत्र साचू न देता रोज वाहून खड्ड्यात झाकणे आणि युरियाही मातीआड करणे, हे शेतकऱ्याच्या हातातले उपाय आहेत. अशा धुरकट सकाळी दमेकरी माणसाने फिरायला जाण्याऐवजी ऊन वर येईपर्यंत थांबावे.

हेच रसायन पावाच्या पिठात यीस्टचे खाद्य म्हणून ई ५१७ या क्रमांकाने, आणि कोरड्या पावडरीच्या अग्निशामकात मोनोअमोनियम फॉस्फेटसोबत वापरले जाते. खाद्यवापराची शुद्धता वेगळी असते. खताच्या पोत्यातले काहीही स्वयंपाकघरात नेऊ नये.

साठवणीत हे खत युरियापेक्षा कमी पाणी शोषते, तरी पोती लाकडी फळ्यांवर ठेवावीत. सांडलेले खत सिमेंटच्या फरशीवर ओले राहू देऊ नये, कारण सल्फेट सिमेंटला खाते. पेरणीयंत्र व पंप वापरल्याच्या दिवशीच धुऊन वाळवावेत, नाहीतर लोखंड गंजते. चुना, राख किंवा ब्लिचिंग पावडर यांची पोती त्याच कोपऱ्यात ठेवू नयेत. ब्लिचिंग पावडरशी संपर्क आल्यास विषारी वायू निघतो.