ड्रिफ्टची गाडी बांधताना या चुका टाळा: ताकद नंतर, तब्येत आधी

मागच्या चाकांवर चालणारी जुनी सेडान ड्रिफ्टसाठी, म्हणजे मागची चाके मुद्दाम घसरवत वळणे घेण्यासाठी, बांधायला घेतली, की पहिली चौकशी टर्बोची होते आणि रेडिएटरचे काम पुढच्या महिन्यावर ढकलले जाते. हा क्रम उलटा हवा. ई३६ किंवा ई४६ पिढीच्या बीएमडब्ल्यू थ्री सिरीजमधले सहा सिलिंडरचे मूळ इंजिन शिकणाऱ्याला पुरून उरते. मैदानावर गाडी अडते ती बहुधा इंजिनाच्या ताकदीमुळे नव्हे, तर त्याच्या भोवतीच्या दुर्लक्षित भागांमुळे.

सर्वांत महाग पडणारी चूक कूलिंगची आहे. ड्रिफ्टमध्ये इंजिन चढ्या आरपीएमवर असते, पण गाडीचा वेग कमी आणि तोंड तिरके असल्यामुळे रेडिएटरला समोरून पुरेसा वारा मिळत नाही. त्यात मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांवर गेला, की उरलीसुरली सवलतही संपते. या गाड्यांची एक्स्पान्शन टाकी (कूलंटची जादा टाकी) प्लास्टिकची असते आणि वयानुसार ठिसूळ होते, म्हणून ती, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि होज एकाच वेळी बदलावेत. बोअरचे पाणी मात्र कधीही भरू नये. आपल्याकडचे जड पाणी आत क्षार धरते. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे घालावे, आणि भरताना गाडीचे तोंड उंच करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, ब्लीड स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नये, कारण ई४६चा काटा बऱ्याच मोठ्या टप्प्यात मध्यावरच स्थिर दिसतो आणि तो हलेपर्यंत ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकलेले असू शकते. स्वतंत्र गेज बसवावा. उभ्या गाडीत तापमान वाढून चालतीत उतरत असेल तर आधी पंखा तपासावा, वेगात वाढत असेल तर चोंदलेला रेडिएटर किंवा पंप, आणि थंड इंजिन सुरू करताच वरचा होज दगडासारखा कडक होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

डिफरन्शियल (वळणात मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) वेल्ड करणे हा स्वस्त उपाय आहे आणि सुरुवातीला तो चालतो, मात्र वळणात दोन्ही मागच्या चाकांना सारखेच फिरावे लागत असल्याने सगळा ताण ॲक्सल आणि सबफ्रेमवर (डिफरन्शियल व मागचे सस्पेन्शन धरणारी चौकट) येतो. ई४६मध्ये मागच्या सबफ्रेमच्या बोल्टांजवळचा पत्रा फाटतो, ही या गाडीची जुनी खोड आहे. म्हणून वेल्डिंगआधी गाडी उचलून त्या चारही जागांवरचे काळे अंडरकोटिंग तारेच्या ब्रशने खरवडावे आणि बॅटरीच्या उजेडात स्पॉट वेल्डभोवती केसाएवढी भेग आहे का हे पाहावे. भेग असो वा नसो, मजबुतीच्या प्लेट्स आधी लावून घ्याव्यात, डिफरन्शियल नंतर.

स्टिअरिंगचा अँगल वाढवण्यासाठी मूळ नकल (पुढचे चाक ज्यावर बसते आणि वळते तो भाग) कापून वेल्ड करण्याचा मोह वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत उत्तम लेथवाले हाताशी असल्यामुळे अधिकच होतो. त्यांच्या कौशल्याबद्दल शंका नाही, परंतु नकल हा जिवावरचा भाग आहे. तयार किट घ्यावे, जोड लावू नये. बसवल्यावर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून टायर कुठे घासतो का, ब्रेक होज ताणतो का आणि पूर्ण वळवलेल्या स्थितीत चाक अडकून परत यायला नकार देते का, हे सस्पेन्शन लटकलेले असताना आणि दाबलेले असताना असे दोन्ही वेळा पाहावे. अलाइनमेंटमध्ये पुढे साधारण उणे ३ ते ४ अंश कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) आणि किंचित टो-आउट (चाकांची तोंडे बाहेर वळलेली) ठीक. मागे कॅम्बर शून्याजवळच ठेवावा. दिसण्यासाठी मागची चाके तिरकी करणाऱ्यांना नंतर पकड कमी पडल्याची तक्रार करण्याचा हक्क उरत नाही.

ब्रेक, बकेट सीट आणि बेल्ट यांवर काटकसर नको, एवढे पुरे. नोंदणीकृत गाडीत निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते, त्यामुळे अशी गाडी बंद मैदानावर ट्रकमधूनच न्यावी.

ट्यूनिंगला हात घालताना इंधनाचा विचार आधी करावा. शुद्ध पेट्रोलसाठी हवा-इंधन प्रमाण १४.७ असते, ई२०साठी (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) ते साधारण १३.५ येते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन अधिक लागते. साध्या चालीत ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो, पूर्ण थ्रॉटलला ती भरून निघेलच असे नाही. म्हणून वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरवर लॅम्डा (आदर्श प्रमाणाच्या तुलनेत हवा-इंधन प्रमाण; १ म्हणजे नेमके, कमी म्हणजे इंधन जास्त) वाचावा आणि टर्बो नसलेल्या इंजिनाला पूर्ण भारावर ०.८६ ते ०.८८च्या आसपास ठेवावे. जुने रबरी इंधन पाइप इथेनॉलला टिकणारे घालावेत आणि महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीतले पेट्रोल काढून टाकावे, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढते.

लांब स्लाइडमध्ये इंजिन अचानक अडखळले, की दोष मॅपला, म्हणजे इंजिनाच्या संगणकातल्या ट्यूनिंगला, दिला जातो. पुष्कळदा टाकीतले पेट्रोल एका बाजूला झुकून पंपाचे तोंड उघडे पडलेले असते. टाकी अर्ध्याहून अधिक भरून तेच वळण पुन्हा घ्यावे. अडखळणे थांबले तर लॅपटॉप बंद ठेवून सर्ज टँकची (पंपाला सतत पेट्रोल मिळत राहावे म्हणून बसवलेली छोटी जादा टाकी) व्यवस्था करावी.