व्हीसीवर चालणारा फौजदारी खटला : बचावाच्या वकिलांनी या चुका टाळाव्यात

सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रफुल्ल देसाई’ या प्रकरणात अमेरिकेतील डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने (व्हीसी) नोंदवण्यास मान्यता दिली, तेव्हा आरोपीला आणि त्याच्या वकिलाला साक्षीदार समोर बसल्यासारखा दिसतो आणि ऐकू येतो, हे त्यामागचे गृहीतक होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० ने तर खटल्याचे सारे कामकाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवण्याची मुभा दिली. गृहीतक मात्र तेच आहे, आणि ते तपासून घेण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

पडद्यावर आरोपीचा चेहरा दिसला की तो हजर आहे असे धरून चालणे, ही मला सर्वांत जास्त खटकणारी चूक आहे, आणि ती मी स्वतः केलेली आहे. खुनाच्या प्रयत्नाच्या एका खटल्यात पंचाची साक्ष चालू असताना माझा अशील तुरुंगातून व्हीसीवर होता आणि अधूनमधून मान हलवत होता. सरतपास (सरकारी वकिलांनी घेतलेली साक्ष) झाला, मी उलटतपास संपवला आणि रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत, ‘आरोपी व्हीसीद्वारे हजर’ अशी नोंद झाली. चार दिवसांनी तुरुंगात मुलाखतीला गेलो तेव्हा त्याने विचारले, “साहेब, त्या दिवशी पिवळ्या शर्टातला माणूस कोण होता?” तिकडे आवाजच पोहोचत नव्हता, शेजारचा शिपाई खूण करी तेव्हा तो मान हलवत असे. पंच फिर्यादीच्या मेहुण्याकडे कामाला होता, ही गोष्ट त्याने नाव ऐकताच सांगितली असती. साक्षीदाराला परत बोलावण्यासाठी तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३११ खाली (आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचे ३४८) अर्ज करावा लागला आणि एका प्रश्नासाठी कित्येक तारखा गेल्या.

तेव्हापासून साक्ष सुरू होण्यापूर्वी मी न्यायालयाची परवानगी घेऊन अशिलाला असा प्रश्न विचारतो, ज्याचे उत्तर मान हलवून देता येत नाही : “साक्षीदाराने आत्ता आपले नाव काय सांगितले?” त्याचे उत्तर रोजनाम्यात घ्यायला लावतो. मध्येच आवाज तुटला तर घड्याळातली वेळ टाकून तिथल्या तिथे लेखी अर्ज देतो, कारण तोंडी तक्रार अपिलात कुठेच सापडत नाही. ज्युनियर मंडळींना हा वेळकाढूपणा वाटतो. त्यांना दुपारपर्यंत तीन साक्षी उरकायच्या असतात.

दुसरी चूक याच घाईतून येते. एका वकिलाने भर न्यायालयात स्पीकरवरून अशिलाला विचारले, “तू त्या रात्री नक्की कुठे होतास?” सरकारी वकील, तपासी अंमलदार आणि मागच्या बाकावरचा पुढचा साक्षीदार, तिघांनीही उत्तर ऐकले. पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २२(१) ने दिला आहे, आणि चारचौघांत मोठ्याने बोलणे म्हणजे सल्ला नव्हे. मी आदल्या दिवशी स्वतः तुरुंगात जातो. ते जमले नाही तर वेगळ्या जोडणीवर, शिपाई ऐकण्याच्या अंतराबाहेर असताना बोलू द्यावे, असा अर्ज देतो. तो नामंजूर झाला तरी निदान कागदावर येतो.

पोलीस कोठडीची मागणी व्हीसीवर ऐकली जात असेल तर ताबडतोब हरकत घ्यावी : नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार पोलीस कोठडीसाठी दर वेळी प्रत्यक्ष हजर करावेच लागते, व्हीसीची सवलत फक्त न्यायालयीन कोठडी वाढवण्यापुरती आहे. विशेष कायद्यांखाली तपासाची मुदत वाढवण्याचा अर्ज आरोपीच्या गैरहजेरीत ऐकला गेला, तर ‘जिगर अदातिया’ प्रकरणातला २०२२ चा निकाल पुढे करावा. आरोपीला प्रत्यक्ष किंवा व्हीसीवरही हजर न करणे ही निव्वळ तांत्रिक त्रुटी नसून गंभीर बेकायदेशीरपणा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले आहे. याच संहितेच्या कलम ३५१ खालील आरोपीच्या जबाबासाठी (पुराव्याबद्दल न्यायालय आरोपीला प्रश्न विचारते तो टप्पा) मी अशिलाला प्रत्यक्ष आणण्याचीच मागणी करतो.

राहिली ओळख पटवण्याची गोष्ट. पडद्यावरच्या चौकटीखाली ‘आरोपी क्र. १’ असे लिहिलेले असते, चौकटीत एकच माणूस असतो आणि साक्षीदाराला विचारतात, “आरोपीला ओळखता का?” अशा वेळी मी आधी ती पट्टी काढायला लावतो, आणि पट्टी होती हे निशाणीत (खटल्याच्या क्रमांकित कागदांत) नोंदवूनही घेतो.