ब्लॅक २३ वरून २४ वर जाताना नेमकं किती बदलतं, ते कसं मोजलं

लक्षण: ब्लॅक (पायथॉन कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारं साधन) २३.१२.१ वरून २४.१.० वर नेलं आणि डिफ (आधीच्या आणि नंतरच्या कोडमधला फरक) एवढा फुगला की त्यातलं नव्या शैलीचं काय, हेच कळेना. ब्लॅकचा '--चेक' पर्याय फक्त बदलणाऱ्या फायलींची नावं आणि संख्या सांगतो. डिफमधल्या रिकाम्या ओळी वगळून पाहिलं, तर नेमके नवे बदलच दिसेनासे झाले. दोन संध्याकाळी अक्षरशः पाण्यात गेल्या.

खरी गोम: आमचा जुना कोडच जुन्या ब्लॅकमधून पूर्ण गेलेला नव्हता.

म्हणून आधी गिटमध्ये वेगळी ब्रँच काढून २३.१२.१ सगळ्या कोडवर चालवा आणि कमिट करा. मग २४.१.० चालवा. आता 'गिट डिफ --शॉर्टस्टॅट' दाखवेल तो आकडा निव्वळ नव्या आवृत्तीचा. आमच्याकडे मुख्यतः मॉड्यूलच्या डॉकस्ट्रिंगखाली एकेक रिकामी ओळ आली आणि तीन टिंबांची रिकामी फंक्शनं एका ओळीत आली. हाही वेगळा कमिट करा.

शेवटी दोन्ही कमिटांचे पूर्ण हॅश (कमिटचे ओळख-क्रमांक) एका फाइलमध्ये लिहून ती 'ब्लेम.इग्नोअररेव्ह्जफाइल' या सेटिंगला द्या (गिट २.२३ पासून चालतं), म्हणजे कुठली ओळ कोणी बदलली ते दाखवणारं 'गिट ब्लेम' हे दोन कमिट वगळेल. मर्ज करताना स्क्वॅश (सगळे कमिट एकात मिसळणं) मात्र करू नका, हॅश बदलतात.