स्वयंचलित मोटारसायकल घेताना: क्रूझर बैठक की साधी बैठक?

डाव्या मनगटाला मुंग्या येऊ लागल्या, मोडून जुळलेला डावा घोटा गिअर टाकताना दुखू लागला, किंवा पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंतच्या गर्दीत क्लच दाबून दाबून हात भरून येऊ लागला, की मोटारसायकल सोडवत नाही आणि स्कूटरवर मन बसत नाही अशी माणसे स्वयंचलित, म्हणजे क्लच-गिअरची खटपट नसलेल्या, मोटारसायकलीची चौकशी करू लागतात. साताऱ्यात अशी चौकशी करणारे जे भेटतात, त्यांपैकी बहुतेकांचे पहिले प्रश्न इंजिनाचे, बॅटरीचे किंवा किमतीचे असतात. गाडीवर आपण कसे बसणार आहोत, पाय कुठे येणार आहेत, हा प्रश्न ते रंगरूपाच्या खात्यात टाकून मोकळे होतात. माझ्या मते स्वयंचलित गाडीच्या बाबतीत हाच प्रश्न सर्वांत आधी सोडवला पाहिजे, आणि त्याचे कारण दिसण्यात नसून गाडी हळू चालवण्याच्या पद्धतीत आहे.

गिअरच्या गाडीवर आपण चालण्याच्या वेगाने वळताना नकळत हाफ क्लच धरतो, म्हणजे क्लच अर्धाच दाबून ठेवतो. इंजिन चालू राहते, चाकाला हवी तेवढीच ओढ मिळते आणि तोल सांभाळला जातो. स्वयंचलित गाडीवर ही सोय हातातून जाते. तिच्यावर अरुंद बोळात वळताना ॲक्सिलरेटर किंचित उघडा ठेवून मागचा ब्रेक हलका दाबून धरावा लागतो, म्हणजे क्लचने करायचे काम मागच्या ब्रेककडे येते. हा ब्रेक बहुतेक मोटारसायकलींत उजव्या पायाखाली असतो. त्यामुळे उजवा पाय कोठे ठेवलेला आहे, तो किती बारकाईने दाब देऊ शकतो, यावर गाडी तुमच्या ताब्यात राहणार की नाही हे ठरते, आणि क्रूझर व साधी बैठक यांतला मूळ फरकही पायाच्या जागेचाच आहे.

क्रूझरमध्ये सीट खाली असते, फूटरेस्ट पुढे असतात, हँडल मागे ओढलेले असते आणि दोन चाकांमधले अंतर जास्त असते. साध्या, म्हणजे स्टँडर्ड बैठकीत फूटरेस्ट जवळजवळ कमरेखाली येतात, पाठ सरळ राहते आणि गुडघे टाकीला टेकतात. एकच इंजिन घेऊन या दोन्ही पद्धतींच्या गाड्या केल्या तर काय होते, हे होंडाने परदेशात दाखवलेले आहे. 670 सीसीचे तेच इंजिन आणि ड्युअल क्लच पद्धतीचा, म्हणजे दोन क्लचांनी आळीपाळीने गिअर बदलणारा, तोच स्वयंचलित गिअरबॉक्स तिने एनसी 700 एक्स या सरळ बैठकीच्या गाडीत दिला आणि 2014 च्या सीटीएक्स 700 या क्रूझरकडे झुकणाऱ्या गाडीतही दिला. पहिलीची सीट जमिनीपासून सुमारे 830 मिलिमीटर, तर दुसरीची सुमारे 720 मिलिमीटर. यंत्र तेच असताना चार बोटांहून अधिक उंचीचा हा फरक पडतो आणि पाय पुढे सरकतात; सिग्नलला दोन्ही पाय सपाट टेकवण्याचे सुख एका गाडीत मिळते आणि खड्ड्यावर बूड उचलण्याची मुभा दुसरीत.

पाच फूट तीन-चार इंच उंचीच्या माणसाला पाय सपाट टेकणे म्हणजे काय, हे त्यालाच कळते. जड गाडी उतारावर टाचा वर ठेवून धरायची म्हणजे प्रत्येक थांब्याला जीव मुठीत. ज्यांचे गुडघे फार दुमडत नाहीत त्यांनाही क्रूझर सोसते, कारण त्यात गुडघ्याचा कोन मोकळा राहतो. पण ज्यांना पाठीचा किंवा मणक्याचा त्रास आहे, त्यांनी शोरूममधल्या पाच मिनिटांच्या आरामाला भुलू नये. पाय पुढे असल्यामुळे अंगाचा भार पायांवर न जाता सगळा माकडहाडावर येतो, आणि क्रूझरच्या मागच्या शॉकअपची हालचाल बहुधा थोडी असल्यामुळे गतिरोधकाचा धक्का थेट वर चढतो. ऊस कारखान्यांच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावरून रोज वीस किलोमीटर जाणाऱ्या माणसाला हा फरक एका महिन्यात समजतो. साध्या बैठकीत फूटरेस्टवर भार देऊन क्षणभर उठता येते, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर ही गोष्ट उत्तम शॉकअपइतकी मोलाची आहे.

आता ‘स्वयंचलित’ या शब्दाकडे वळू, कारण या नावाखाली चार-पाच निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात आणि प्रत्येकीचे हळू वेगातले वागणे वेगळे असते. 1976 च्या होंडा सीबी 750 ए मध्ये मोटारीसारखा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलाच्या प्रवाहातून इंजिनाची ओढ पुढे पोचवणारा भाग, होता. अशी गाडी ब्रेक सोडला की आपोआप पुढे सरकू पाहते. एप्रिलिया माना 850 मध्ये आपल्या स्कूटरसारखीच पट्ट्यावर चालणारी रचना होती. ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच आळीपाळीने काम करतात, एक गिअर चालू असताना पुढचा तयार असतो, आणि थांबल्यावर क्लच सुटलेले राहत असल्याने गाडी स्वतःहून सरकत नाही. ही पद्धत मोटारसायकलीत प्रथम 2010 च्या सुमारास होंडाच्या व्हीएफआर 1200 एफ मध्ये आली. आपल्याकडे आफ्रिका ट्विन आणि गोल्डविंग या गाड्या तिच्यासह मिळू लागल्या, आणि 2025 मध्ये 745 सीसीची एक्स-ॲडव्ह आली. त्याच वर्षी आलेली रिबेल 500 ही क्रूझर मात्र क्लच दाबून चालवायची साधी गिअरची गाडी आहे. रिबेलचे ड्युअल क्लच असलेले रूप 1,083 सीसीच्या रिबेल 1100 मध्ये आहे, त्याची सीट सुमारे 700 मिलिमीटरची आहे आणि क्लचवाल्या गाडीपेक्षा वजन सुमारे 10 किलोने जास्त आहे. होंडाचाच ई-क्लच हा आणखी निराळा प्रकार आहे. त्यात क्लच दाबावा लागत नाही, पण गिअर पायानेच टाकायचा असतो, म्हणून ज्याचा डावा घोटा दुखतो त्याने तो स्वयंचलित समजून घेऊ नये. 2009 मध्ये आलेल्या टीव्हीएस जाईव्हचेही असेच होते.

बॅटरीवरच्या गाड्यांत गिअर आणि क्लच नसल्यामुळे सर्वसामान्य बजेटच्या माणसाला स्वयंचलित मोटारसायकल म्हणून आज याच गाड्या परवडतात. 2019 मध्ये आलेली रिव्होल्ट आरव्ही 400 साध्या बैठकीची, तर जानेवारी 2022 मध्ये आलेली कोमाकी रेंजर क्रूझर पद्धतीची. या गाड्यांच्या बाबतीत एक गोष्ट टेस्ट राईडला अवश्य तपासावी. बॅटरीवरच्या पुष्कळ दुचाक्यांत ब्रेक दाबताच मोटरचा प्रवाह तोडला जातो, आणि तसे असेल तर वर सांगितलेली, ॲक्सिलरेटर व मागचा ब्रेक एकत्र धरण्याची युक्ती तिच्यावर चालत नाही. अशा वेळी केवळ ॲक्सिलरेटरच्या नाजूक हालचालीवर वळावे लागते, आणि तिथे आखूड, हलकी, साध्या बैठकीची गाडी लांब क्रूझरपेक्षा कितीतरी सोपी पडते. मागचा ब्रेक डाव्या मुठीवर असेल तर पायाच्या जागेचे महत्त्व काहीसे कमी होते, पण वीस वर्षे क्लच दाबलेला डावा हात घाईत तोच ब्रेक करकचून दाबतो. ही सवय मोडायला पहिले आठ दिवस गर्दी टाळूनच चालवावे.

साताऱ्याच्या माणसाला घाट सुटत नाही. यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचे, मेढ्यावरून केळघर घाटाने महाबळेश्वर गाठायचे, किंवा वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जायचे, तर चढ, वळण आणि उतार तिन्ही आलेच. क्रूझरचे फूटरेस्ट खाली आणि पुढे असतात, त्यामुळे तीव्र वळणावर गाडी थोडी झुकताच ते रस्त्याला घासतात. घासण्याचा आवाज आला की नवखा माणूस दचकून गाडी सरळ करतो आणि समोरून येणाऱ्या वाहनाच्या बाजूला जातो. धोका घासण्यात कमी आणि या दचकण्यात जास्त आहे. क्रूझरवर वळणाआधीच वेग कमी करावा आणि वळणात आणखी झुकावे लागणार नाही अशी रेषा धरावी. साध्या बैठकीच्या गाडीला झुकायला अधिक वाव असतो आणि गुडघ्यांनी टाकी धरता येते, त्यामुळे चूक सावरायला जागा राहते. खड्या चढावर क्रूझरचालक हँडलला लोंबकळल्यासारखा होतो, हेही अनुभवाने सांगतो.

उतारावर मात्र बैठकीपेक्षा गिअरबॉक्सचे वागणे महत्त्वाचे ठरते. साताऱ्यापेक्षा महाबळेश्वर सुमारे 600 मीटर उंच आहे, आणि एवढा उतार केवळ ब्रेकवर उतरणे म्हणजे ब्रेक तापवून निकामी करणे होय. ड्युअल क्लचची गाडी नेहमीच्या ‘डी’ स्थितीत इंधन वाचवण्यासाठी लवकर वरचा गिअर घेते, मग इंजिन गाडीला धरून ठेवत नाही. म्हणून घाटमाथ्यावरच ‘एस’ (स्पोर्ट) किंवा हाताने गिअर बदलण्याची स्थिती निवडावी आणि डाव्या मुठीवरच्या बटणाने खालचा गिअर धरावा. बॅटरीच्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडल्यावर मोटर उलट वीज तयार करून गाडी आवळते. पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर त्या विजेला जायला जागा नसते आणि हा आधार कमी होतो. पाचगणीला किंवा महाबळेश्वरला मुक्कामात गाडी शंभर टक्के चार्ज करून सकाळी लगेच घाट उतरायला लागणे म्हणून टाळावे. दहा-पंधरा टक्के जागा रिकामी ठेवून निघालेले बरे.

महामार्गाचे गणित निराळे आहे. ज्याचा प्रवास मुख्यतः एकट्याचा आणि साताऱ्याहून कराडकडे किंवा पुण्याकडे महामार्गानेच असतो, त्याला क्रूझर खरोखर सुख देते. लांब गाडी सरळ रेषेत ठाम चालते आणि खांदे सैल राहतात.

मागे बसणाऱ्या माणसाला न विचारता गाडी ठरवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. क्रूझरची मागची सीट बहुधा लहान आणि चालकाच्या सीटपेक्षा पायरीने उंच असते. साडी नेसून एका बाजूला पाय घेऊन बसणाऱ्या आईला किंवा पत्नीला त्यावर टेकायला जागा उरत नाही, आणि मागचा भार वाढल्यावर मुळातच थोडी हालचाल असलेले शॉकअप तळाला टेकतात. साडीगार्ड आणि धरायला कडी नीट बसवलेली आहे का, पाय ठेवायची पट्टी आहे का, हे त्यांना प्रत्यक्ष बसवूनच पाहावे.

निवड करण्याची माझी पद्धत अशी आहे. स्वयंचलित क्रूझर आणि स्वयंचलित स्टँडर्ड शेजारी शेजारी उभ्या करून पाहण्याची संधी आपल्या गावात सहसा मिळत नाही, पण बैठकीची पारख गिअरच्या गाड्यांवरही होते. रॉयल एनफिल्डच्या मीटिअर 350 आणि हंटर 350 या दोन गाड्यांचे 349 सीसीचे इंजिन एकाच घराण्याचे आहे. पहिली क्रूझर, सीट 765 मिलिमीटर, दुसरी साध्या बैठकीची, सीट 790 मिलिमीटर. मित्रांकडून या दोन्ही गाड्या एकेक तास मागून घ्याव्यात आणि रोजच्याच रस्त्याने जावे. घरी परतल्यावर कंबर, माकडहाड, मनगट आणि मान यांपैकी काय बोलते ते दोन्ही वेळा लिहून ठेवावे. त्यानंतर घ्यायच्या स्वयंचलित गाडीची टेस्ट राईड मागताना सरळ रस्त्यावरची फेरी पुरेशी मानू नये. रिकाम्या मैदानात दोन विटा पंधरा पावलांवर ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढावा, पाय न टेकवता, चालण्याच्या वेगाने, उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवून. क्रूझरवर पाय पुढे ताणलेला असल्यामुळे ब्रेकचा दाब कमीजास्त होतो आणि गाडी झटके देते, असे तीन-चार प्रयत्नांनंतरही होत असेल तर ती बैठक तुमच्या अंगाची नाही, ती दिसायला कितीही मनात भरली तरी.

गाडी बंद असतानाही एक परीक्षा घ्यावी. आपल्या घरासमोरच्या चढावर गाडी तोंड खाली करून उभी करा आणि सीटवर बसून पायांनी मागे रेटा. इथे खालच्या सीटची क्रूझर जिंकते, कारण पाय पूर्ण टेकतात. पण उभी ठेवण्याचा प्रश्न दोन्हींत सारखाच आहे: ड्युअल क्लचची गाडी बंद केल्यावर गिअरमध्ये अडकून राहत नाही, म्हणून तिला पार्किंग ब्रेक दिलेला असतो, आणि तो ओढण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी लागते. ज्या गाडीला तसा ब्रेक नाही ती उतारावर साईड स्टँडवर तोंड खाली करून कधीही ठेवू नये.

परवान्यावर गिअरच्या मोटारसायकलीचा वर्ग असेल तर त्याबाबत वेगळी चिंता नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात गिअर असलेली आणि नसलेली असे दोन वर्ग वेगवेगळे आहेत, म्हणून केवळ बिनगिअरचा परवाना असणाऱ्याने ड्युअल क्लचची गाडी घेण्याआधी साताऱ्याच्या किंवा कराडच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. देखभालीचेही आधीच विचारावे. ड्युअल क्लचच्या होंडा गाड्यांना इंजिनाच्या ऑइल फिल्टरखेरीज क्लचचा वेगळा फिल्टर असतो, आणि हे काम नाक्यावरच्या नेहमीच्या फिटरकडून होईलच असे नाही. साताऱ्याहून पुणे सुमारे 110 आणि कोल्हापूर सुमारे 120 किलोमीटर. जे केंद्र ती गाडी खरोखर उघडते, ते कोणत्या गावात आहे आणि सुटा भाग यायला किती दिवस लागतात, हे पैसे भरण्याआधी कळले पाहिजे.

मला कोणी विचारले तर साताऱ्यात राहणाऱ्या, आठवड्यातून एकदा तरी घाट चढणाऱ्या आणि मागे कोणाला तरी बसवणाऱ्या माणसाला मी साध्या बैठकीचीच गाडी सांगतो. उंची कमी असेल किंवा गुडघा दुमडत नसेल तर क्रूझर घ्यावी, मात्र फूटरेस्ट फार पुढे नसलेली पाहून घ्यावी. गाडी घरी आल्यावर ब्रेकच्या पॅडलची उंची फिटरकडून आपल्या बुटाच्या तळव्याप्रमाणे लावून घ्यावी, मागच्या शॉकअपचा ताण दोघांच्या वजनाला जुळवावा, आणि पहिला घाट म्हणून एखाद्या कोरड्या सकाळी, गर्दी सुरू होण्यापूर्वी, यवतेश्वरचा घाट एकट्याने चढून उतरावा.