कर्क्युमिन आणि उंदरांचे सुजलेले पंजे

हळदीतलं कर्क्युमिन संधिवातावर तपासायचंय? आधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची लेखी परवानगी घ्या, मगच उंदीर मागवा. मी डीबीए/१ जातीचे ८ ते १० आठवड्यांचे नर घेते.

उंदरांना संधिवात व्हावा म्हणून कोलॅजेन टोचायचं असतं. त्यासाठी गाईचं टाइप-२ कोलॅजेन (कूर्चेतलं प्रथिन) पातळ ॲसेटिक ॲसिडमध्ये ४ अंश सेल्सिअसला रात्रभर विरघळू द्या. मग तेवढंच कम्प्लीट फ्रॉइंड्स ॲडज्युव्हंट (प्रतिकारशक्तीला चेतवणारं तेलकट मिश्रण) घालून बर्फावर घट्ट एकजीव होईपर्यंत घोटा. खरी मेख इथेच आहे. एक थेंब पाण्यात सोडून बघा. मोत्यासारखा गोल राहिला तर जमलं, पसरला तर पुन्हा घोटा. मी घाई केली आणि पहिली तुकडी वाया गेली. निम्म्या उंदरांना सूजच आली नाही. ते जीव फुकट गेले, याचं अजून वाईट वाटतं.

या मिश्रणातून शेपटीच्या मुळाशी त्वचेत १०० मायक्रोग्रॅम कोलॅजेन टोचा, २१व्या दिवशी बूस्टर, म्हणजे दुसरं इंजेक्शन. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ०.५ टक्के सीएमसीत (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजच्या दाटसर द्रावणात) खलून नळीने पोटात द्या. एका गटाला नुसतं सीएमसी, एकाला मेथोट्रेक्सेट हे संधिवातावरचं नेहमीचं औषध, म्हणजे तुलना करता येते.

प्रत्येक पंजाला ० ते ४ गुण, एकूण १६. गुण देणाऱ्याला गट कळता कामा नये, पण तोंडाशी पिवळा डाग दिसला की गुपित फुटलंच! म्हणून डोस देणारा आणि गुण देणारा वेगळा ठेवा, आणि डाग आधी पुसून घ्या.

सुजल्या पंजांवर उभं राहून त्यांना खाता येत नाही. खाणं भिजवून पिंजऱ्याच्या तळाशी ठेवा, बाटलीला लांब नळी लावा. वजन २० टक्क्यांनी घटलं, तर आकड्यांसाठी त्या उंदराला ताटकळत ठेवू नका. त्याला वेदनारहित मरण द्या.