सोळा घरांत हलगी बसवताना

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहतो. इथल्या खासबाग मैदानात कुस्तीला घुमणारी हलगी कानात पक्की बसलेली, म्हणून सिक्वेन्सरवर (ठोक्यांचा क्रम बसवून तो फिरवत वाजवणाऱ्या यंत्रावर) मी पहिल्यांदा तीच धरली.

१९८० च्या रोलँड टीआर-८०८ या ड्रम मशीनपासून रुळलेली सोळा बटणांची, म्हणजे सोळा घरांची, रांग म्हणजे चार ठोक्यांचा एक बार. टेम्पो मिनिटाला १२० ठोके ठेवला की बार बरोबर दोन सेकंदांचा. किक (मोठ्या ड्रमचा खर्जातला ठोका) १, ५, ९, १३ वर, टाळी ५ आणि १३ वर. एवढं झालं की पाय हलायला लागतो.

आता केरवा ताल. आठ मात्रा, प्रत्येकीला दोन घरं. धा गे ना ती, ना क धि ना. यात डग्ग्याचे घुमणारे बोल धा, गे, धि. म्हणून किक फक्त १, ३ आणि १३ वर. मधली मोकळी जागा भरू नका भावांनो, केरव्याची सगळी मजा तिथंच आहे. सहा मात्रांचा दादरा हवा असेल तर शेवटचं घर १२ करा.

हलगीसाठी कोरडा, उंच आवाज निवडा. सगळे ठोके एकाच जोरात वाजले तर पत्र्याचा डबा वाटतो. काठीचे बारीक ठोके अगदी हळू ठेवा, मुख्य थाप जोरात. मग थोडा स्विंग, म्हणजे प्रत्येक दुसरं घर किंचित उशिरा.

जॅमिंगला, म्हणजे वाजवता वाजवता सुचेल तसं बदलताना, चालू पॅटर्न थांबवू नका. एकावेळी एकच घर बदला, चार बार ऐका, मग पुढचं.